भूल उतरताना

आयसीयूतल्या गोष्टी ठरवून कुणी गोळा करत नाही. रिपोर्ट फायलीत जातो, फाईल रेकॉर्डला जाते, पेशंट घरी जातो. किस्सा मात्र कुठंच जात नाही! तो सुईच्या टोपणासारखा एप्रनच्या खिशात पडून राहतो आणि कपडे धुवायला काढले की हाताला लागतो. आमच्या आईनं हट्ट्याहून फोनवर एकदा विचारलंच, "काय गं, तू तिथं डॉक्टरकी करायला गेलीस का गोष्टी येचायला?"

आता येचल्यातच, तर सांगते काही.

मी भूलतज्ज्ञ. एमडी झाल्यावर वाटलं, माणसाला झोपवायला शिकलो, आता त्याला सांभाळून परत आणायलाही शिकावं. म्हणजे मोठ्या ऑपरेशननंतर जे पेशंट मशीनवर असतात, त्यांना सांभाळायचं खास ट्रेनिंग. त्यासाठी मी हिंगोलीला आले. मैत्रिणी हसल्या. "लोक ह्याला मुंबईला जातात, परदेशात जातात, आणि तू हिंगोलीला?"

मी म्हटलं, "तिथं हाश्मी सर आहेत!"

ते कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही फारसं नव्हतं. तिथून आमचं गाव हट्टा जवळ, एवढं मात्र नक्की माहीत होतं!

सर साठीला टेकलेले, मूळचे सर्जन. वडलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यामुळं कोणत्याही गोष्टीला आधी कान लावायचा, मग उघडायचं, ही सवय. आमचं युनिट आठ खाटांचं. दुपारी हिरव्या पडद्यांतून ऊन गाळून यायचं आणि पेशंट, नर्सा, सलाइनच्या बाटल्या, सगळ्यांवर कोवळा हिरवा रंग चढायचा. आठ माणसं झोपलेली. मशिनी त्यांच्या वतीनं श्वास घेऊन राहिलेल्या. उभ्या उभ्या माणूस स्वप्नात जाईल, अशी जागा!

माझ्याबरोबर ट्रेनिंगला पुण्याचा चिन्मय होता. प्रत्येक गोष्टीचा प्रोटोकॉल त्याला पाठ. आणि आम्हा दोघांच्या वर शेवंता सिस्टर. सर सगळ्यांच्या वर होते, पण सिस्टर असल्या की सरसुद्धा जरा हळूच बोलायचे.

*

पहिल्या दिवशी वाटलं, सर एखादं जाडजूड पुस्तक हातात देतील. सरांनी दोन रिकाम्या खाटा दाखवल्या.

"झोपा."

"सर?"

"एक घंटा. हात पट्टीनं खाटेला बांधणार. तोंडात नळीचा तुकडा. बोलायचं नाही, हलायचं नाही. आपण पेशंटला काय काय करतो, ते जरा बराबर पाहून घ्या."

तासाभरानं चिन्मयला सोडलं. त्याचा चेहरा उतरला होता. "सर, छतावर चार डाग आहेत. अलार्म एकोणचाळीस वेळा वाजला. तिघं जण माझ्या अंगावरून एकमेकांशी बोलले, माझ्याशी एकही बोलला नाही. नाकाला खाज सुटली होती, सर. नुसती खाज! ती सांगता येईना म्हणून रडू आलं."

सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग सगळे माझ्या खाटेकडं वळले.

मी गाढ झोपले होते. घोरत!

शेवंता सिस्टर गंभीरपणे म्हणाल्या, "सर, शेजारच्या खाटेचे नातेवाईक दोनदा सांगून गेले. म्हणाले, ह्या बाईला घरघर लागली, तिच्या माणसाला बोलवून घ्या!"

*

कनेरगाव नाक्याचे एक काका होते, एसटीतले रिटायर कंडक्टर. आतड्याचं मोठं ऑपरेशन. तिसऱ्या दिवशी नळी काढली आणि काकांची गाडी सुटली! त्यांना सगळं युनिट म्हणजे एसटी वाटायला लागलं. "मागं जागा हाय, मागं सरका!" "दारात कोण उभं हाय?" मध्येच उठून सलाइन ओढायचे, घंटीची दोरी समजून.

मोठ्या ऑपरेशननंतर असा भ्रम होतो, हे चिन्मयनं वाचलेलं. पेशंटला वेळ-काळ-ठिकाण सांगत राहायचं, हेही वाचलेलं. तो दर तासाला जाऊन सांगायचा, "काका, तुम्ही हिंगोलीत आहात. हा दवाखाना आहे."

काका भडकायचे. "तू मले शिकवतू का? एवढी वर्सं ह्या रूटवर हाओ मी!"

दोन दिवस हेच. टाके तुटतील की काय, अशी धास्ती. मी झोपेचं औषध वाढवायचं म्हणत होते. सर येऊन स्टुलावर बसले. बराच वेळ काकांचं नुसतं ऐकत राहिले. मग बाहेर जाऊन मुलाला एकच प्रश्न विचारला, "वडील चष्मा लावतात का?"

"व्हय की. ऑपरेशनला जाताना काढून ठेवला, घरी हाय."

मुलगा गाडी मारत गेला आणि घेऊन आला. जाड भिंगाचा, एका बाजूला दोरा बांधलेला. सिस्टरनं तो काकांच्या नाकावर चढवला. काकांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. भिंतीवरची पाटी हळूहळू वाचली. मग एकदम गरीब आवाजात म्हणाले, "दवाखाना व्हय हा?"

चिन्मय म्हणाला, "काका, मी दोन दिवस हेच सांगत होतो!"

"तुमच्या सांगण्याचं काय घेऊन बसलात साहेब," काका म्हणाले. "बोर्ड पाहिल्याबिगर गाडी कुठली ते कंडक्टरनं कसं मानावं?"

*

हा लहानसा. हळदीच्या मार्केटमधला एक हमाल अपेंडिक्स फुटून आला होता. ऑपरेशन झालं, आयसीयूत आणला. चिन्मयनं तपासलं आणि धावत माझ्याकडं आला. "अगं, तळहात पिवळे, तळपाय पिवळे, लिव्हर गेलं ह्याचं!" रक्ताच्या सहा तपासण्या लिहूनसुद्धा झाल्या.

सिस्टरनं काही न बोलता ओला कापूस घेतला आणि हमालाचा तळहात पुसला. कापूस पिवळा, हात गोरा!

"डॉक्टरसाहेब, हळदीचा शिजन हाय," सिस्टर म्हणाल्या. "आधी डोळे पाहावं, मग हात."

त्यानंतर महिनाभर चिन्मय पिवळा दिसणारा प्रत्येक पेशंट आधी ओल्या कापसानं पुसायचा. भिंतसुद्धा एकदा पुसून पाहिली, असं सिस्टर सांगतात!

*

सर म्हणायचे, "नातेवाइकांशी बोलणं हीसुद्धा प्रोसिजर आहे. हात धुऊन जायचं." आणि नियम असा, की बाहेर जाऊन बोलताना एकही इंग्रजी शब्द वापरायचा नाही. चिन्मयनं पहिल्याच दिवशी कुणाला तरी, पुढचं नक्की सांगता येत नाही एवढ्यासाठी, "प्रोग्नोसिस गार्डेड आहे" म्हणून सांगितलं होतं, आणि गार्ड काहून बसवला, पोलीस केस झाली का, म्हणून अर्धं गाव गोळा झालं होतं!

माझी पाळी आली ती एका सासूशी बोलायची. सुनेचं आतडं फुटून विष अंगभर पसरलेलं. सून मशीनवर. सासू बाकावर एकटी बसलेली, मांडीवर सुनेच्या बांगड्या रुमालात बांधलेल्या.

मी म्हटलं, "मावशी, श्वासाचं काम मशीन करतंय. तिला त्रास होऊ नये म्हणून औषधानं झोपवून ठेवलंय."

"झोपली?"

"हो."

"दिवसा?"

"हो मावशी, दिवसासुद्धा."

बाईनं पडद्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "लगीन होऊन आली तवापासून दिवसा पाठ टेकली न्हाई तिनं. मीच टेकू दिली न्हाई." रुमालाची गाठ सोडली, परत बांधली. "झोपू द्या. पर डाक्टरीणबाई, उठवायचं इसरू नका."

चार दिवस फार वाईट गेले. रक्तदाब धरेना. रोज मी बाहेर जायचे, आणि जे खरं ते सांगायचे. बाई मान हलवायची. पाचव्या दिवशी औषध कमी केलं आणि दुपारी सुनेनं डोळे उघडले. नळी तोंडात, बोलता येईना. बोटांनी लिहायची खूण केली. आम्ही पाटी धरली. सगळं युनिट गोळा झालं. थरथरत्या अक्षरांत तिनं लिहिलं: किती वाजले?

आणि उठायला बघायला लागली!

सिस्टर बाहेर जाऊन सासूला म्हणाल्या, "मावशी, शुद्धीवर आली. किती वाजले, इचारून राहिली. काय सांगू?"

चार वाजून गेले होते. बाईनं पदरानं डोळे पुसले.

"तिला सांगा," ती म्हणाली, "अजून काईच वाजलं न्हाई. पडून राहा म्हणावं."

*

आता माझ्या फजितीचा. आखाडा बाळापूरकडून एक जण ट्रॅक्टरच्या धक्क्यात बरगड्या मोडून आला होता. ऑपरेशन झालेलं, मशीनवर होता. दुपारी एकाएकी ऑक्सिजन उतरायला लागला. नव्वद. पंच्याऐंशी. मी बोटाचा सेन्सर बदलला, मशीनची बटणं फिरवली, नळी साफ केली, परत बटणं फिरवली. ऐंशी. माझे कान बंद झाल्यासारखे. सगळं लांबून, पाण्याखालून चालल्यासारखं.

पलीकडून शेवंता सिस्टरचा आवाज आला, अगदी सावकाश. "मॅडम, मशीन सोडा. छाती एकाच बाजूनं उठून राहिली."

मी पाहिलं. डावी बाजू हलतच नव्हती! फुप्फुस फुटून हवा छातीत अडकली होती. सुई घातली, सायकलच्या व्हॉल्वमधून निघते तशी हवा फुस्स करून निघाली, आणि आकडा एक एक करत वर चढला. मी खाली फरशीवर बसले.

सर ऑपरेशन थिएटरमधून धावत आले. पेशंटच्या छातीला कान लावला, मग विचारलं, "किसने पहचाना?"

एक क्षणभर, खरं सांगते, "मी" हा शब्द जिभेवर आला होता.

"सिस्टरनं," मी म्हटलं.

"सुई?"

"मी."

"बराबर. पण तू चार मिनिटं मशिनीकडं पाहिलंस, आणि सिस्टरनं पेशंटकडं. उद्याचा राऊंड सिस्टर घेतील."

सिस्टर म्हणाल्या, "काय तरीच सर!" पण सर ऐकतात होय! दुसऱ्या दिवशी सिस्टर पुढं, आम्ही दोघं मागं. सरही मागं. सिस्टर आधी लाजल्या, मग लागल्या विचारायला. "ह्याला कोणत्या कुशीवर वळवलं की नाडी शांत होते?" आम्ही गप्प. "ह्या बाईनं काल पाणी मागितलं, ते कुणी दिलं?" गप्प. "तीन नंबरच्या आजोबांचे दात कुणाकडं हायेत?"

ह्याचं उत्तर मात्र निघालं. चिन्मयच्या एप्रनच्या खिशात!

परीक्षेला दाखवायच्या वहीत राऊंड घेणाऱ्या तज्ज्ञाचं नाव लिहायचा रकाना असतो. चिन्मयनं तिथं स्वच्छ अक्षरात लिहिलं: शेवंता सिस्टर. सरांनी खाली मुकाट सही केली.

*

वैशाखातली गोष्ट. भर दुपारी वावटळ उठली आणि लाइट गेली. जनरेटर खोकून खोकून बंद पडला. मशिनींना बॅटरी असते, पण एका जुन्या मशीनच्या बॅटरीनं तेवढ्यात मान टाकली. मी त्या पेशंटची नळी मशीनवरून काढून हवेच्या पिशवीला जोडली आणि हातानं श्वास द्यायला लागले.

एसी बंद, अलार्म बंद. इतकी शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. पडदे फुगत होते, मिटत होते. धुळीनं बाहेर सगळं पिवळं, आत सगळं हिरवं.

पेशंटचा भाऊ भेटायला आत आलेला, तो तसाच अडकला. अन्वरभाई, धंद्यानं टेलर. भावाचा पाय धरून उभे.

सर म्हणाले, "बेटा, घाई करून राहिलीस. मोज."

मोजत होते, पण भीतीनं आकडे पळत होते. तेवढ्यात अन्वरभाईंनी फरशीवर पाय वाजवायला सुरुवात केली. शिलाई मशीनवर मारतात तसा, पण संथ. "मॅडम, चार ठोके होऊ द्या, पाचव्याला दाबा. मेरा पाव चुकत नाही."

टक, टक, टक, टक, दाब. टक, टक, टक, टक, दाब.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. माझी भीती कुठं गेली तेही कळलं नाही. त्या ठेक्यावर पेशंट श्वास घ्यायचा, थोड्या वेळानं मीही तसाच घ्यायला लागले, आणि सिस्टर म्हणतात, सगळं युनिटच तसा घेत होतं.

लाइट आली. मशीन सुरू झाली. मी पिशवी सोडली. अन्वरभाईंचा पाय चालूच!

"भाई, लाइट आली," सिस्टर म्हणाल्या.

अन्वरभाईंनी स्वतःच्या पायाकडं पाहिलं. "मालूम है सिस्टर. मगर ये रुकताच नहीं."

सर म्हणाले, "राहू द्या. टाका पुरा होऊ द्या."

*

आणि हा शेवटचा. सरांचा आणखी एक नियम होता. बेशुद्ध पेशंटला हात लावायच्या आधी त्याला बाहेरचं काहीतरी सांगायचं. "तो आत आहे. बाहेर काय चाललंय, एवढं तरी कळवा त्याला." चिन्मय तापमान सांगायचा, तेही दशांशात! मी आपलं जे दिसेल ते सांगायचे.

गिरजाबाई नावाच्या आजी होत्या. पोटात पू होऊन दोनदा ऑपरेशन झालेलं. अकरा दिवस मशीनवर. औषध बंद करूनही जाग्या होईनात. डोळ्यावर उजेड टाकला तर बाहुली हलायची, बास. रोज सकाळी मी त्यांच्या उशाशी उभी राहून सांगायचे. आजी, आज वारं सुटलंय. आजी, गेटाबाहेरचा लिंब मोहरलाय. आजी, आज ढग आलेत पण पडणारे न्हाईत.

त्याच आठवड्यात माझ्या हातून दोन पेशंट गेले. त्यातली एक पोरगी होती, एकोणीस वर्षांची. तीन आठवडे आम्ही तिला धरून ठेवलं होतं. तिच्या आईला मीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येताना मी ट्रेनिंग सोडत असल्याची चिठ्ठी लिहून आणली होती. कुणाला बोलले नव्हते. सर थिएटरमध्ये होते, म्हणून वाट पाहत आजींच्या उशाशी गेले. सवयीनं तोंड उघडलं, पण बाहेर काय आहे ते मी पाहिलंच नव्हतं. काही सांगता येईना. खाटेचा दांडा धरून तशीच रडत उभी राहिले, जवळपास कुणी नव्हतं. मग तोंड धुतलं, चार्ट भरला आणि गेले.

दुपारी गिरजाबाईंनी डोळे उघडले.

त्या गडबडीत चिठ्ठी द्यायची राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली.

महिना-दीड महिन्यानं आजी काठी टेकत, मुलाचा हात धरून, चालत, आम्हाला भेटायला आल्या. आम्ही सगळे दाराशी गोळा झालो. तोंडाला मास्क, डोक्याला टोप्या, सगळे सारखेच. आजी एकेकाकडं पाहत होत्या, ओळखीचं कुणीच नाही.

सर म्हणाले, "आजी, आम्ही फार आवाज दिले तुम्हाला. तुम्ही येतच नव्हत्या."

"कशाला येऊ?" आजी म्हणाल्या. "लई निवांत व्हतं तिथं. खोल, गार. काई दुखत न्हाई, खुपत न्हाई. वरून एक पोरगी रोज सांगायची, आज वारं हाय, आज ढग हाय. मी आयकायची अन पडून राहायची. पर एक दिवस ती आली अन काई सांगितलंच न्हाई. नुसती रडून राहिली. मंग मी म्हणलं, ह्या लेकराला बाहेर काय तकलीफ झाली, जाऊन पाहावं तरी! म्हणून आले वर."

चिन्मयनं सिस्टरकडं पाहिलं, सिस्टरनं माझ्याकडं.

"कोन हाय ती?" आजींनी विचारलं.

आजी दारात उभ्या होत्या, आणि त्यांच्या पाठीमागं सगळं अंगण उन्हानं भरलं होतं.

"आज ऊन पडलंय, आजी," मी म्हटलं.

आजींनी काठी मुलाच्या हातात दिली.

"हीच ती!"